काजळगडाची रोजकीर्द : गेमवरून सुचलेली अद्भुत कादंबरी पटेल आणि पळेल अशी कशी लिहावी

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत भाचीने माझ्या हातात एक दोनशेपानी वही ठेवली. कादंबरी. नायिका सावळी, वय सतरा. गाव एका काळ्या डोंगराच्या पायथ्याशी, आणि डोंगरावर काजळगड. हा गड कुठून आला ते मला लगेच कळलं. ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या आमच्या गच्चीवरून तिथला किल्ला समोर दिसतो, आणि वहीतल्या बुरुजांवरही किल्ल्यातल्या मानमंदिर महालासारख्या निळ्या फरशा आणि बदकांच्या रांगा होत्या. बाराव्या पानावर सावळी रात्री तट चढते, चाळीस पहारेकऱ्यांना लोळवते, हिरवं औषध पिते, जखमा भरतात, पेटी उघडते, किल्ली मिळते, पुढचं दार. तिसाव्या पानापर्यंत अशी सहा दारं झाली होती. भाषा चांगली होती, कल्पना ताज्या होत्या, आणि तरी तिसाव्या पानावर माझं वाचन थांबलं.

तसं सांगितल्यावर ती म्हणाली, "पण मामा, गेममध्ये तर हे सगळं चालतं. तिथे तुला कुठे कंटाळा येतो?"

प्रश्न बरोबर होता. त्याचं उत्तर शोधताना आम्ही दोघांनी मिळून ती वही तीन वेळा नव्याने मांडली, आणि त्यातून जी पद्धत हाती आली ती इथे पायरीपायरीने सांगतो. गेममध्ये ते चालतं, कारण तिथे किंमत खेळणारा स्वतः मोजतो. तो एका दारापाशी वीस वेळा हरतो, चरफडतो, शिकतो, आणि एकविसाव्या वेळी त्याच्याच अंगठ्याने दार उघडतं. वाचकाच्या हातात बटण नसतं. त्याला फक्त ती एकविसावी वेळ दिसते, आणि ती फुकट मिळाल्यासारखी वाटते. म्हणून जी किंमत खेळणारा आपल्या वेळेतून देतो, ती कादंबरीत पात्राने पानावर द्यायला हवी. काय दिलं यावर गोष्ट पटते की नाही ते ठरतं. ते किती उशिराने दिलं आणि किती उशिराने मिळालं यावर गोष्टीची लय ठरते. पुढच्या सगळ्या पायऱ्या याच एका हिशेबाच्या आहेत.

पहिली पायरी : गेममधलं काय आणायचं ते ठरवा

आवडत्या गेममधल्या गोष्टींची यादी करा. लाइफ, लेव्हल, पोशन (जखमा भरणारं औषध), इन्व्हेंटरी (जवळच्या वस्तूंचा साठा), सेव्ह पॉइंट (हरल्यावर खेळ जिथून पुन्हा सुरू होतो ती जागा), बॉस (टप्प्याअखेरचा मोठा शत्रू), साइड क्वेस्ट (मुख्य वाटेबाहेरचं काम), जे सुचेल ते. मग प्रत्येकीसमोर एकच प्रश्न लिहा: खेळताना याची किंमत मी कशात मोजतो, आणि कादंबरीत ती कोण मोजणार?

आम्ही शाळेत असताना कॉम्प्युटरच्या तासाला 'प्रिन्स ऑफ पर्शिया' खेळायचो. १९८९ सालचा गेम. राजकन्येला सोडवायला एकूण ६० मिनिटं. जमिनीतून येणाऱ्या सुळ्यांवर पडलं की ती लेव्हल पुन्हा पहिल्यापासून, पण घड्याळ मात्र मागे जात नसे. पुन्हा जिवंत होता येत होतं, पण प्रत्येक मरण मिनिटांनी वसूल व्हायचं, आणि म्हणून प्रत्येक उडीला छातीत धडधडायचं. तुमच्या कादंबरीत पात्र मरून परत येऊ शकत असेल तर हे घड्याळ शोधा. परत येताना काय संपतं? एखादी आठवण? आईच्या आयुष्यातलं एक वर्ष? भाचीने ठरवलं की सावळी परत आली की गावातला एक माणूस तिला ओळखेनासा होतो. पहिल्या वेळी तो कोपऱ्यावरचा दुकानदार होता. दुसऱ्या वेळी तिची मैत्रीण. तिसऱ्या वेळी सावळी परत यायला तयार होत नाही, आणि तिथून कादंबरी खरी सुरू झाली.

आपल्या जुन्या मोक्षपटात ही समज होती. त्यातल्या प्रत्येक सापाला दुर्गुणाचं नाव असे आणि प्रत्येक शिडीला सद्गुणाचं. पडलात तर का पडलात ते पटावर लिहिलेलं असे. आजच्या छापील सापशिडीतून ती नावं गेली आणि पडणं निव्वळ फाशाच्या हाती राहिलं. तुमचं पात्र घसरतं तेव्हा त्या सापावर नाव लिहिलेलं आहे का, ते पाहा.

आकडे दाखवायचे की नाही, हेही इथेच ठरवा. काही लेखक जगातल्या माणसांनाच लेव्हल आणि गुण दिसतात असं मांडतात. चालेल. पण मग तो आकडा कोणाला दिसतो, कोण मोजतो आणि त्यात खोट करता येते का, याची उत्तरं तुमच्याकडे हवीत. आणि आकड्यामुळे पात्राला काहीतरी निवडावं लागलं पाहिजे. "सावळीचं बळ १४ वरून १६ झालं" या वाक्याने काहीच घडत नाही. "कमान ओढायला १५ बळ लागतं, सावळीचं १४ आहे, आणि परीक्षा उद्या पहाटे" या वाक्याने रात्र उभी राहते.

दुसरी पायरी : नियमांचं एक पान

एकच पान. जादूचे, शस्त्रांचे, प्राण्यांचे जे काही नियम असतील ते सात ओळींत बसवा. प्रत्येक ओळीत तीन गोष्टी: काय मिळतं, बदल्यात काय जातं, आणि काय कधीच होत नाही. तिसरी गोष्ट लिहायला लोक विसरतात, आणि संकट तर तिच्यावरच उभं राहतं. हिरव्या औषधाने जखम भरते. त्या बदल्यात दोन दिवस जिभेची चव जाते. मोडलेलं हाड त्याने जुळत नाही. आता सावळीचा पाय मोडला की वाचक स्वतःच दचकेल.

सातापेक्षा जास्त नियम लागत असतील तर बहुधा तुम्ही अडचणीतून सुटण्यासाठी ऐनवेळी नियम जोडत आहात. नियम वापरण्याआधी वाचकाला तो दोनदा भेटलेला असावा. एकदा सहज, कामाच्या ओघात. एकदा तो कुणालातरी नडताना. तिसऱ्यांदा त्याच नियमाने सुटका झाली की वाचक मनात म्हणतो, "अरे, हे तर मला माहीत होतं."

सुटका नियमाच्या आतून कशी निघते याचं मला माहीत असलेलं सर्वांत सुंदर उदाहरण आमच्या किल्ल्यावरच आहे. तिथे दाता बंदी छोड गुरुद्वारा आहे. शीख परंपरेत सांगतात की जहांगीर बादशहाने इथे कैदेत असलेल्या गुरू हरगोबिंदजींची सुटका मान्य केली, तेव्हा बरोबरच्या ५२ राजांनाही सोडावं असा आग्रह गुरूंनी धरला. अट पडली की जेवढे जण तुमच्या वस्त्राचा पदर धरून बाहेर येतील तेवढेच सुटतील. गुरूंनी ५२ पदरांचा झगा शिवून घेतला, आणि एकेक राजा एकेक पदर धरून बाहेर पडला. या कथेत भिंत फुटत नाही, पहारेकरी झोपत नाहीत, कुणी ऐनवेळी धावून येत नाही. अट जशीच्या तशी राहते आणि तिच्याच शब्दांतून वाट निघते. तुमच्या कादंबरीच्या मध्यावर अशी एक तरी सुटका असू द्या.

तिसरी पायरी : रोजकीर्द आणि खतावणी

या पायरीला सर्वांत जास्त वेळ द्या. मराठी जमाखर्चात दोन वह्या असतात. रोजकीर्दीत दिवसाचे व्यवहार ज्या क्रमाने झाले त्या क्रमाने लिहितात. खतावणीत प्रत्येक खात्याचं वेगळं पान असतं. कादंबरीसाठी दोन्ही ठेवा.

रोजकीर्दीत गोष्टीतला प्रत्येक दिवस: तिथी, पहाट, दुपार, रात्र, कोण कुठून निघालं, किती चाललं, काय खाल्लं, किती झोपलं. खतावणीत प्रत्येक पात्राचं एक पान (जखमा, झोप, कर्ज, दिलेले शब्द) आणि प्रत्येक महत्त्वाच्या वस्तूचं एक पान: कुणाकडे आहे, कुठे ठेवली, किती उरली. गेममध्ये इन्व्हेंटरीच्या खिशात सत्तावीस वस्तू मावतात आणि नायक तरीही पळतो. कादंबरीतला माणूस खांद्याला एक झोळी लावतो. तलवार साधारण एक किलोची, पाच लिटर पाणी म्हणजे पाच किलो, वर दोर, घोंगडी, पीठ. काय मागे ठेवायचं हे ठरवण्यात पात्राचा स्वभाव दिसतो. सावळी दोर ठेवते आणि आजीने दिलेला तवा घेते, हे वाचल्यावर मला ती पहिल्यांदा आवडली.

काही आकडे जवळ असू द्या. सपाटीवर माणूस तासाला चार-पाच किलोमीटर चालतो. चढावर ओझं घेऊन दोन-तीन. घोडा चौखूर उधळतो तो थोडं अंतरच. दिवसभराच्या मजलेत तो बहुतेक वेळ चालतो किंवा दुडकतो, आणि त्याला दाणा, पाणी, विसावा लागतो. कापडाच्या मशालीवर तेल ओतत राहावं लागतं, म्हणजे मशाल धरणाऱ्याचा एक हात आणि तेलाची बुधली हिशेबात आली. आमच्याकडे ज्येष्ठात पारा ४५ अंशांपर्यंत जातो. त्या उन्हात लोखंडी चिलखत घालून भर दुपारी लढणारा नायक ग्वाल्हेरच्या वाचकाला पटणार नाही.

चंद्राचा हिशेब तर जरूर ठेवा. भाचीच्या वहीत दुसऱ्या रात्री पौर्णिमा होती आणि सहाव्या रात्री अमावस्या. मधे चौदा-पंधरा दिवस लागतात. पौर्णिमेचा चंद्र सूर्यास्ताच्या सुमारास उगवतो, नंतर रोज साधारण पाऊण तास उशिरा, आणि वद्य अष्टमीला मध्यरात्रीच्या आसपास. म्हणजे अष्टमीच्या रात्री तट चढायचा तर मध्यरात्रीपूर्वी पूर्ण अंधार आहे आणि नंतर पाठीवर उजेड पडणार आहे. एवढ्या एका गोष्टीने सावळीच्या चढाईला आपोआप मुदत मिळाली. प्रत्येक प्रकरणाच्या समासात तिथी लिहायची सवय लावा.

हा कोरडा हिशेब वाटत असेल तर आमच्या किल्ल्यावर किल्लागेटकडून वर जाताना वाटेत चतुर्भुज मंदिर लागतं, तिथला इ.स. ८७६ चा शिलालेख आठवा. लोक तो त्यात कोरलेल्या शून्यासाठी पाहायला येतात. पण त्यात मजकूर काय आहे? देवासाठी २७० हात लांब आणि १८७ हात रुंद बाग, आणि रोज ५० माळा. हे वाचलं की मला पहाटे फुलं खुडणारी माणसं दिसतात, पावसाळ्यात माळ कमी पडली तर होणारी बोलणी ऐकू येतात. अकराशेहून जास्त वर्षांनी एक अख्खं गाव डोळ्यांपुढे आलं ते आकड्यांमुळे. तुमच्या जगातही असा एक शिलालेख शोधा. काजळगडाच्या राक्षसाला रोज किती तेल लागतं? ते कोण आणून देतं? भाचीने हा प्रश्न सोडवताना तेली आळीतला एक म्हातारा लिहिला, आणि गडात शिरायची वाट त्याच्या बैलगाडीतूनच निघाली.

आख्यायिकासुद्धा ही काळजी घेतात. राजा मानसिंह तोमर आणि गुर्जर कुळातली मृगनयनी यांच्या प्रेमाची गोष्ट इथे घरोघरी सांगतात. लग्नासाठी तिची अट होती की राई या तिच्या गावचं पाणी महालापर्यंत आलं पाहिजे. प्रेमकथेत पाण्याची सोय आली, म्हणून ती गोष्ट आजही खरी वाटते.

चौथी पायरी : जागा पायाखालून घाला

गेमचा नकाशा वरून दिसतो. कादंबरीतली जागा पायांना कळते. म्हणून एक खरी जागा निवडा आणि तिथे पात्राच्या ओझ्यासह चाला. आम्ही दोघं एका रविवारी पाठीवर दहा-दहा किलोची पिशवी घेऊन किल्लागेटपासून हाथी पोळ या वरच्या दरवाजापर्यंत चढलो. दर दोन मिनिटांनी तिने वहीत टिपलं: कुठे बोलणं तुटलं, कुठे घाम डोळ्यांत गेला, कुठल्या दगडावर पाय सटकला, कुठून खालचं गाव दिसेनासं झालं. पहिल्या खर्ड्यात सावळी चढता चढता आपल्या बालपणाबद्दल मोठं भाषण करत होती. दुसऱ्यात ती चार शब्द बोलते, मग श्वास घेते. त्या एका बदलाने पान जिवंत झालं.

तट चढण्याचा प्रसंग लिहायचा असेल तर ऑगस्ट १७८० मध्ये इथे काय झालं ते बारकाईने समजून घ्यावं. तेव्हा किल्ला महादजी शिंद्यांकडे होता आणि तो चढून घेणं अशक्य असा त्याचा लौकिक होता. ईस्ट इंडिया कंपनीच्या पॉपहॅम या अधिकाऱ्याने ३ ऑगस्टच्या रात्री तो शिड्या लावून घेतला. आपल्या मराठी मनाला तो पराभव आजही टोचतो, पण लेखकाने त्यातून शिकण्यासारखं खूप आहे. आधी कित्येक दिवस हेर चढायची वाट शोधून आले होते. लाकडी शिड्या आणि दोराच्या शिड्या तयार केल्या होत्या. पाय सटकू नये आणि वाजू नये म्हणून शिपायांना कापूस भरलेले जोडे दिले होते. कड्याखाली पोचले तेव्हा वरून गस्तीचे दिवे सरकत होते आणि पहारेकऱ्यांचं खाकरणं ऐकू येत होतं. दिवे पुढे गेले, मग हेर आधी वर चढले आणि त्यांनी दोर बांधले. कॅप्टन ब्रूसबरोबर वीसेक शिपाई वर पोचून तटाच्या आडोशाला बसले, आणि तेवढ्यात त्यांच्यातल्याच काहींनी घाईने बंदुका झाडल्या. किल्ला जागा झाला. बेत जवळजवळ फसलाच होता; मागची कुमक वेळेवर चढली म्हणून निभावलं.

आता यातले तुकडे वेगळे करून पाहा. आधीची तयारी, जिच्यात दिवस गेले. एक साधी, हातात धरता येईल अशी वस्तू: कापसाचे जोडे. मान आखडून वाट पाहायची काही मिनिटं. मग आपल्याच माणसाची चूक. या चार गोष्टी असल्या की अशक्य वाटणारी चढाईही वाचक मानतो. बहुतेक नव्या लेखनात पहिली आणि चौथी गायब असते: तयारी कंटाळवाणी वाटते म्हणून, आणि नायकाच्या बाजूने चूक झालेली लेखकाला सोसवत नाही म्हणून. चूक शत्रूकडून झाली तर योगायोग वाटतो. आपल्याच माणसाकडून झाली की ती माणसं वाटतात.

पाचवी पायरी : लय बांधा

वेग आणि लय या वेगळ्या गोष्टी आहेत. सतत पळणारी कादंबरी काही पानांनी स्थिर वाटू लागते, जशी आगगाडीच्या खिडकीतून एकसारखी शेतं.

गेम बनवणाऱ्यांना हे फार लवकर कळलं होतं. १९८० च्या 'पॅक-मॅन'मध्ये भुतं सतत पाठलाग करत नाहीत. पहिल्या लेव्हलला सात सेकंद ती आपापल्या कोपऱ्याकडे जातात, मग वीस सेकंद पाठलाग, मग पुन्हा सात सेकंद उसंत. नंतर उसंत पाचवर येते, आणि शेवटी उसंत संपते, पाठलागच उरतो. खेळणाऱ्याला हे आकडे माहीत नसतात, पण त्याच्या श्वासाला कळतात. कादंबरीचा आराखडा याच प्रमाणात आखून पाहा. सुरुवातीला संकटाची तीन प्रकरणं आणि उसंतीचं एक. मध्यावर उसंत अर्ध्या प्रकरणाची. अखेरीस एका परिच्छेदाची: सावळी पाणी पिते, आणि घोट गिळायच्या आत दार वाजतं.

दुसरा धडा १९७८ च्या 'स्पेस इन्व्हेडर्स'चा. त्यातले शत्रू जसजसे कमी होतात तसतसे उरलेले जास्त वेगाने येतात. कारण साधं होतं: पडद्यावर काढायच्या आकृत्या कमी झाल्या की यंत्राला उरलेल्या भराभर हलवता येत. पण परिणाम असा की जिंकत आलेल्या माणसालाच सर्वांत जास्त भीती वाटते. कादंबरीत शेवटच्या टप्प्यात शत्रूंची संख्या वाढवण्याचा मोह होतो. त्याऐवजी पात्रं, जागा आणि पर्याय कमी करत न्या, आणि उरलेल्याचा वेग वाढवा. शेवटच्या प्रकरणात गडावर फक्त तिघं असावीत.

आणि उसंतीत काय लिहायचं? ग्वाल्हेरात राहून याचं उत्तर बाहेर शोधायची गरज नाही. आमच्या ग्वाल्हेर घराण्यात गायक बंदिशीचे स्थायी आणि अंतरा हे दोन्ही भाग आधी नीट, पूर्ण मांडतो, आणि मगच विस्ताराला लागतो. श्रोत्याला आकार कळलेला असतो, म्हणून पुढे आलाप, बहलावा, बोलतान, तान जे जे येतं ते सगळं त्या आकाराशी ताडून ऐकता येतं. लयही अतिसंथ ठेवत नाहीत. विलंबितातसुद्धा ताल हाताला लागतो. मग छोटा ख्याल, द्रुत. कादंबरीचं पहिलं-दुसरं प्रकरण म्हणजे स्थायी-अंतरा समजा: सावळीला काय हवंय, कोण आडवं येणार, हरली तर काय जाणार, एवढं तिथे स्वच्छ यावं. नंतर उसंतीच्या प्रकरणात नवी माहिती कोंबू नका. समेवर या. झालेल्या घटनेची किंमत पात्राने इथे मोजायची: जखम धुवायची, मेलेल्याच्या घरी निरोप द्यायचा, मैत्रिणीने का ओळखलं नाही ते समजून घ्यायचं. उसंत म्हणजे वसुलीची जागा. ती गाळली की पुढची लढाई पुन्हा फुकटची होते.

वाक्यांची लयही इथेच पाहा. धावपळीत क्रियापदं लवकर येऊ द्या, विशेषणं कमी करा. पण सगळी वाक्यं तोडू नका. तीन छोट्या वाक्यांनंतर एक लांब वाक्य आलं की वाचकाचा पाय घसरतो, आणि तुम्हाला तेच हवं असतं.

सहावी पायरी : लढाई

चाळीस पहारेकरी म्हणजे कुणीच नाही. तीन करा. एकाला नाव द्या, एकाला खोकला, एकाला सावळीच्या गावची बोली. लढाईपूर्वी वाचकाला जागा दाखवून ठेवा, म्हणजे लढाईत वर्णन करावं लागत नाही. आणि प्रत्येक झटापटीने खतावणीत एक तरी नोंद बदलली पाहिजे; बदलली नाही तर ती झटापट काढून टाका.

वहीतला पहिला खर्डा असा होता: "सावळीने विजेच्या वेगाने तलवार फिरवली. एकामागून एक पहारेकरी कोसळले. तिने हिरवं औषध प्यायलं आणि ती पुन्हा ताजीतवानी झाली."

तिसरा खर्डा असा झाला:

"खोकणारा वळला. सावळीच्या हातात तवा होता, तलवार अजून पाठीवर बांधलेली. तिने तवा मारला तो त्याच्या कानाखाली बसला आणि तव्याचा आवाज घाटभर घुमला. 'कोण गं ती?' वरून कुणीतरी विचारलं, तिच्याच गावच्या हेलात. उत्तर द्यायला तोंड उघडलं तेव्हा तिला कळलं की उजव्या हाताची दोन बोटं वळत नाहीत. औषधाची बाटली कमरेला होती. हाड असेल तर ते फुकट जाणार. चंद्र अजून तटाखाली होता, पण तटाची कड उजळायला लागली होती."

शौर्य दोन्हीत आहे. दुसऱ्यात नियम, चंद्र, ओझं, बोली, सगळं आधी पेरलेलं होतं म्हणून पाच ओळींत एवढं मावलं. भाचीला हे लिहायला चार दिवस लागले, आणि मला ते आजही तोंडपाठ आहे.

सातवी पायरी : साइड क्वेस्ट

हरवलेली शेळी शोधून दे, मग लोहार तलवार देईल. गेममध्ये यात गंमत असते, कारण नकाशा हिंडायला मिळतो. कादंबरीत असं प्रकरण तेव्हाच ठेवा जेव्हा त्याने मुख्य वाटेवरची एखादी मुदत चुकते किंवा एखादं नातं बदलतं. शेळी शोधताना अष्टमी उलटली आणि चंद्रोदय बदलला, तर प्रकरण राहू द्या. नाहीतर शेळी एका वाक्यात सापडू द्या.

आठवी पायरी : मोठ्याने वाचा

पूर्ण खर्डा झाला की आठवडाभर बाजूला ठेवा. मग चार-पाच जणांना बसवून मोठ्याने वाचा, आणि त्यांत निदान दोघं गेम खेळणारी आणि एक कधीच न खेळलेलं माणूस असू द्या. आमच्याकडे ते माझी आई होती. तुम्ही वाचत असताना दुसऱ्या कुणाला समासात खुणा करायला सांगा: कुणी मोबाइल उचलला तिथे फुली, कुणी "थांब, हे कसं झालं?" म्हणालं तिथे प्रश्नचिन्ह. दोन्ही खुणांवरचे उपाय वेगळे आहेत. प्रश्नचिन्हासाठी मागे जा, कारण दुरुस्ती त्या पानावर नसते. दहा-वीस पानं आधी काहीतरी पेरायचं राहिलेलं असतं. फुलीसाठी आधीचं प्रकरण तपासा: तिथे किंमत मोजली गेली का? बहुतेक वेळा कंटाळा संथपणामुळे येत नाही, काहीच पणाला लागलेलं नसल्यामुळे येतो.

आमच्या वाचनात नऊ प्रश्नचिन्हं आली आणि चौदा फुल्या. त्यातली सर्वांत अवघड आईची होती. मैत्रीण सावळीला ओळखत नाही त्या प्रकरणावर तिने विचारलं, "मग ती पोर त्या दिवशी जेवली कुठे? रोज तर हिच्याकडेच जेवायची." रोजकीर्द उघडून पाहिली. त्या दिवसासमोर दुपारची जागा कोरी होती. भाचीने तिथेच, आजीशेजारी बसून, तेल्याच्या ओसरीवरचं ते जेवण लिहायला घेतलं, आणि आधी समासात तिथी घातली: वद्य दशमी.